हिरव्या दाराचा खुलासा

तुम्ही हथालला नोटीस धाडलीत. गाडी नोंदीत पांढरी आहे, पण चालकाच्या बाजूचं दार हिरवं आहे, त्यामुळे परिसराची शोभा बिघडते, तरी लेखी खुलासा करा, नाहीतर गाडी जमा करा. वर शिक्का, खाली सही, सहीखाली नाव नाही. शोभा म्हणे. ज्या माळावर ही गाडी फिरते तिथे तुमच्यातल्या कुणी कधी पाय ठेवलेला नाही. ठेवला असता तर बुटात गेलेले खडे झाडायला खुर्ची शोधत बसला असता. तिथे बघायला खडे आहेत, वारा आहे आणि तुम्हीच उभे केलेले विजेचे मनोरे आहेत. त्या मनोऱ्यांचा खुलासा आम्ही तुम्हाला कधी मागितला नाही.

कारस्थान तुमचं आणि खुलासा हथालने करायचा. बरं. हथालला वेळ नाही, शिकारीचा हंगाम चालू आहे. म्हणून खुलासा इथे आहे. शेवटपर्यंत वाचा, मध्येच चहाला उठू नका.

हथालकडे आधी दुसरी शास होती. शास म्हणजे दोन दारांची, मागे उघड्या हौद्याची पिकअप. आमच्याकडे माणसाचं वय विचारायच्या आधी त्याच्या शासचं वय विचारतात. ही कधीकाळी वाळूच्या रंगाची होती, पुढे उन्हाने तिला असा काही रंग दिला की त्याला नाव नाही. चालकाचं दार मात्र हिरवं. ते हथालच्या धाकट्या भावाच्या, फर्राजच्या गाडीचं. फर्राजची गाडी कोरड्या ओढ्यात कोलांटी खाऊन पडली. माणूस वाचला आणि गाडीतलं एवढं एक दार वाचलं. हथालचं दार आधीच गंजून लोंबत होतं. त्याने भावाला मिठी मारली, दार बिजागऱ्यांसकट उचलून आणलं आणि आपल्या गाडीला बसवलं. फर्राज पुढे समुद्राकडच्या शहरात नोकरीला गेला, दार इथेच राहिलं.

ते दार उघडलं की रडायचं. साधं कुरकुरणं नव्हे. आधी बारीक किंकाळी, मग जाड आवाजात लांबलचक तक्रार, आणि शेवटी एक उचकी. मुतलक हा हथालचा चुलतभाऊ, आणि हथालच्या बायकोचा, नुवैरचा, सख्खा भाऊ. म्हणजे थट्टा करायचा त्याला दुहेरी हक्क. तो म्हणायचा, तेल घाल त्याला, लोकांना वाटतं तू गाडीत बकरं कापतोयस. हथाल म्हणायचा, उतरताना कुणीतरी आपल्याला सलाम करतं, करू दे की.

आणि शगरा. शगरा ही चरग ससाण्याची मादी, अंगाने पिवळट, म्हणून हे नाव. सहा हिवाळ्यांमागे पाखरं उत्तरेकडून खाली उतरत होती तेव्हा ती हथालला आधी दिसली. ज्याला आधी दिसते त्याची, हा आमचा कायदा. त्याला शिक्का लागत नाही. मुतलकची पांढरी शास तिच्यामागे दुपारभर पळाली. ती टेकली की गाडी पुढे, ती उडाली की गाडी मागे. शेवटी ती दमली, भुकेजली, आणि पाठीवर फासांचं जाळं बांधलेल्या कबुतरावर उतरली. बोटं अडकली. हथालने स्वतःचं डोक्यावरचं कापड तिच्यावर टाकलं आणि तिला छातीशी धरून घरी आणलं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे कामाला येणार आहे: शगराने पांढरी गाडी पहिल्यांदा पाहिली ती अशी.

पाखराला शिकवायची प्रत्येकाची आपली रीत असते. माळावरचा वारा थांबत नाही, वाऱ्यात पाखरू हातावर नीट खात नाही. हथाल गाडी वाऱ्याला आडवी लावायचा, हिरवं दार सताड उघडायचा आणि दाराच्या आडोशाला खाली बसून हातमोज्यावर मांस धरायचा. आधी तीन वाव अंतरावरून, मग हाकेच्या अंतरावरून, मग दिसेनासं होईल इतक्या लांबून. दार रडलं की जेवण. शिकार चुकली तरी दार रडलं की जेवण. वारा कितीही असो, त्या दाराच्या मागे वारा नाही. सहा हिवाळे असं चाललं. इतर लोक पंखांचं आमिष दोरीला बांधून डोक्यावर गरगर फिरवतात, ओरडून घसा बसवतात. हथाल नुसतं दार उघडायचा. आकाशातला ठिपका वळायचा, वाकडा व्हायचा, आणि दगडासारखा खाली यायचा.

लोक त्याला अबू शगरा म्हणायचे. शगराचा बाप. हथाल-नुवैरला तिन्ही मुलीच, तिघी लग्न होऊन लांब गेलेल्या, आणि ज्याला मुलगा नाही त्याला असं टोचायची आमच्याकडे खोड आहे. हथाल त्या नावाला ओ द्यायचा. टोचणाऱ्याचीच पंचाईत व्हायची.

मग तुमचा हुकूम आला. जुन्या गाड्या रस्त्यावर शोभत नाहीत. अमुक सालाआधीची गाडी असेल तर गावाबाहेरच्या कोंडवाड्यात आणून लावा, पावती घ्या, नवी गाडी घ्या. शोभेचं वेड तुम्हाला तेव्हापासूनचं. कुणाची गाडी कशासाठी आहे, तिच्यात कोण बसतं, ते विचारायला कुणी आलं नाही.

हथाल भांडला नाही. त्याने गाडी धुतली. नुवैरने बैठकीमागची कॉफीच्या किटलीची पेटी काढून घेतली आणि मागे वळून पाहिलं नाही. कोंडवाड्यावर तुम्ही नहारला बसवलं आहे. लोक त्याला अबू दखील म्हणतात. त्याने पावती फाडली आणि उगाचच गाडीच्या टपावर दोनदा थोपटलं, जनावराला थोपटतात तसं. हथाल पायी परत आला. घरच्या दोन उंटिणी गेल्या आणि नवी शास आली. पांढरी. कारण बाजारात पांढरीच होती.

नवी गाडी चांगली होती, खोटं का बोला. गार हवा, मऊ बैठका, दार बोटाने उघडणारं. नुवैर पहिल्यांदा तिच्यात बसली तेव्हा म्हणाली, घरापेक्षा बरं आहे, इथेच राहू. हथालने शगरासाठी दोन्ही बैठकांच्या मध्ये जागा केली. जुन्या गाडीत तिथे त्याने लाकडाचा खुंट ठोकला होता. हा खुंट वर गादी बांधलेला, पाखराच्या बैठकीसारखा, आणि त्याच्या खडबडीत अंगाभोवती तो शगराच्या पायातली लांब दोरी एका हाताने, न बघता, गाठ मारून बांधायचा. दुसऱ्या हातावर पाखरू असतं, तेव्हा सगळे एका हातानेच बांधतात. नव्या गाडीत खुंट ठोकायला त्याचं मन झालं नाही. नव्या गाडीला भोक कोण पाडेल. त्याने शगराला छोट्या गादीवर बसवलं आणि दोरी पुढच्या गुळगुळीत प्लास्टिकच्या दांडीला बांधली. एका हाताने, न बघता. सहा वर्षांची सवय.

ही चूक. शहरातला माणूस अशी चूक करूच शकत नाही, कारण त्याला ती गाठच येत नाही.

पहिल्याच सकाळी माळावर पोचल्यावर हथाल करवानक पक्ष्यांचे माग बघायला खाली उतरला. शगराच्या डोळ्यांवरची चामड्याची टोपी त्याने काढून ठेवली होती, तिला नवी जागा दिसावी म्हणून. उतरताना खिशातल्या किल्लीवर कुठलं तरी बटण दाबलं गेलं. गाडीने टीं टीं केलं, पुढचे दिवे डोळे मिचकावल्यासारखे लुकलुकले, आणि मग सगळी गाडीच भोंगा वाजवू लागली. शगरा पंख पसरून उसळली. लाकडावर ती गाठ आवळली असती. प्लास्टिकवर ती घसरली. उघड्या दारातून पाखरू बाहेर, पायाखाली लांब दोरी लोंबकळत.

हथाल भोंगा बंद करायला किल्ली बडवत होता तेवढ्यात ती ठिपका झाली.

पाखरू हरवणं आम्हाला नवं नाही. नुसतं उडून गेलं असतं तर हथालने दोन रात्री जेवण सोडलं असतं आणि म्हणाला असता, अल्लाची होती, अल्लाने नेली. पण दोरीसकट गेलेलं पाखरू रानटी होऊन जगत नाही. ते रात्री कुठेतरी उंचावर बसतं, दोरी काट्याला नाहीतर तारेला गुंडाळते, सकाळी ते उडायला जातं आणि उलटं लटकतं. उलटं लटकलेलं पाखरू संध्याकाळपर्यंत फडफडतं. हथालने तरुणपणी असं एक पाहिलं होतं. त्याबद्दल तो कधी बोलायचा नाही. आणि माळावर आता झाडं नाहीत. उंच म्हणाल तर तुमचे मनोरेच आहेत.

हरवलेलं पाखरू शोधता यावं म्हणून शेपटीला बांधलेला ट्रान्समीटर गाडीच्या पायदानावर सापडला, एका पिसासकट.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून हथाल आणि नुवैर माळ चाळत होते. मुतलक एका दिशेला, त्याचे मित्र दुसऱ्या दिशेला. कुणी कुणाला पेट्रोलचं विचारलं नाही. हाक आली की निघायचं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुतलकचा फोन आला. विजेच्या ओळीतल्या वाकड्या मनोऱ्यावर बसली आहे, दोरी खाली लोंबतेय, अजून कशात अडकलेली नाही.

हथालने गाडी फेकल्यासारखी नेली. शगराने धुरळा पाहिला, पांढरी गाडी पाहिली, आणि उठली. पुढच्या मनोऱ्यावर गेली. तो पुढे गेला, ती त्याच्या पुढच्या मनोऱ्यावर. दर वेळी ती उठली की दोरी तारांवरून सरपटत जायची. तिसऱ्या वेळी त्याने गाडी थांबवली आणि कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं.

"मी तिला पकडलं तसाच मी तिच्यामागे लागलोय," तो म्हणाला.

नुवैरला लगेच समजलं. गाडी लांब ठेवून तो पायी गेला, हातमोजा वर धरून, ओळखीच्या आवाजात नाव घेत. शगराने मान वाकडी करून त्याला पाहिलं. ओळखलं बहुतेक. खाली आली नाही. उघड्या माळावर, वाऱ्यात, नुसता हथाल तिने कधी पाहिलाच नव्हता. तिच्या लेखी हथाल म्हणजे दाराचा एक भाग.

नुवैरने स्वतःची हिरवी शाल काढली, गाडीचं पांढरं दार उघडून त्याच्यावर पसरली आणि कडेला दगडांनी दाबली. हथाल शालीच्या आडोशाला बसला. शगरा उठली. वळली. एकदा खाली येऊन त्यांच्या डोक्यावरून गेली, इतकी जवळून की दोरीचं टोक नुवैरच्या खांद्याला लागलं. हथालने हात वर केला असता तर दोरी हातात आली असती कदाचित, पण हात वर करून पाखरू ओढायचं नसतं, पाय मोडतो. ती परत मनोऱ्यावर गेली आणि मान एका बाजूला करून बसून राहिली.

"चुलतभावा," नुवैर म्हणाली. चिडली की ती त्याला नवरा म्हणून हाक मारायची नाही, चुलतभाऊ म्हणून मारायची. होताच तो तिचा चुलतभाऊ. "तुला डोळे आहेत पण बघतोस कुठे? ती बघत नाहीये. ती ऐकतेय."

"काय ऐकतेय?"

"दार. तुझं ते मेलं रडकं दार."

मुतलकला त्यांनी मनोऱ्यासमोर, पण लांब, राखणीला बसवलं आणि गाडी कोंडवाड्याकडे वळवली.

नहारची खोली कोंडवाड्याच्या फाटकाला लागून आहे. हथाल आत गेला, सलाम झाले, तब्येती विचारल्या गेल्या, शेळ्या विचारल्या गेल्या, पाऊस विचारला गेला. नहारने कॉफी ओतली. हथालने छोटा कप हातात घेतला आणि न पिता समोर जमिनीवर ठेवला.

आता तुमच्यातल्या काहींना हेही सांगावं लागेल, कारण तुम्ही बहुतेक कागदी कपातून पिता. पाहुण्याने कप खाली ठेवला म्हणजे त्याला काही मागायचं आहे, आणि यजमान हो म्हणेपर्यंत तो पिणार नाही. आणि पाहुणा कॉफी न पिता उठून गेला तर त्या घराचं नाव लोक वेगळ्या आवाजात घेतात. नहारने त्या कपाकडे साप बघावा तसं बघितलं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की अबू शगरा, दुसरं काहीही माग. माझी गाडी माग, माझा तंबू माग. पण आत आलेलं वाहन फाटकाबाहेर जाता कामा नये, हे मला सही घेऊन सांगितलंय. माझ्या घरी खाणारी पाच तोंडं आहेत.

कपातली कॉफी गार होत होती. दोघांनाही ती दिसत होती. नहार भला माणूस आहे आणि भल्या माणसाला कोंडीत धरलं की त्याचे कान लाल होतात, त्याचे झाले. हथालला ते पाहवेना. तो कप उचलून प्यायचं आणि उठायचं ठरवतच होता, म्हणजे मागणं सोडून द्यायचं, तेवढ्यात बाहेर गाडीत बसलेली नुवैर खिडकीतून बोलली. सगळं तिला ऐकू येत होतं. आमच्या बायकांना सगळं ऐकू येतं.

"अबू दखील, देव तुझ्या पोरांना मोठं करो. एक विचारू? दाराला वाहन म्हणतात का?"

नहारने मान वर केली.

"त्याला चाकं आहेत का? इंजिन आहे? नाही ना. मग आम्ही वाहन मागतच नाही. आम्ही आमच्या दिराचं दार मागतोय."

मग नहार हसायला लागला, आधी नाकातून आणि मग पोटातून, आणि हथालला म्हणाला, "पी. पी तुझी कॉफी. गार झाली, थांब, दुसरी देतो." त्याने गार कॉफी बाहेर फेकली, नवी ओतली, आणि हथाल ती प्यायला.

दार काढायला फार वेळ लागला नाही. नव्या आणि जुन्या शासची दारं एकमेकींना बसतात. गाडी बनवणाऱ्यांची ती कृपा. नहारने स्वतः पाने आणले. जुन्या गाडीचं हिरवं दार बिजागऱ्यांसकट नव्या गाडीला, आणि नव्या गाडीचं पांढरं दार जुन्या गाडीला. हे पांढरं लावायचं नहारलाच सुचलं. मोजायला कुणी आलं तर आत आली तेवढी दारं आत आहेत, तो म्हणाला. हवं तर मोजा. म्हणून नहारच्या नोकरीला हात लावायचा विचार असेल तर तो इथेच सोडा. त्याने तुमचं काहीही बाहेर जाऊ दिलेलं नाही.

मधल्या वेळात हथाल आणि नुवैर तिसऱ्या प्रहराची नमाज पढायला बाजूला गेली. परत आली तेव्हा दार बसलेलं होतं आणि नहार हात पुसत होता. हथालने आणि नहारने एकमेकांना मिठी मारली, नहारने आशीर्वाद दिले, नुवैरने त्याच्या बायकोसाठी निरोप ठेवला. घाईत हथाल नुवैरच्या बाजूच्या दाराने चढून आत सरकला, कारण हिरव्या दाराला टेकून नहार उभा होता आणि निरोप काही संपत नव्हता.

मनोऱ्यापाशी पोचले तेव्हा सूर्य खाली आला होता. मुतलकने लांबूनच हात केला: आहे, अजून आहे. पण त्याचा चेहरा बरा नव्हता. दोरी मनोऱ्याच्या एका लोखंडी कोपऱ्यात अडकून घासत होती. शगरा दोनदा उठायला गेली आणि दोनदा ओढ बसून परत बसली होती. तिसऱ्यांदा ती सुटली तर सुटली. आणि अंधार पडला की ती तिथेच झोपणार.

हथालने गाडी वाऱ्याला आडवी लावली. इंजिन बंद केलं. डाव्या हातात मोजा चढवला, मांसाचा तुकडा घेतला, बिस्मिल्ला म्हटलं आणि दार ढकललं.

दार उघडलं. आवाज आला नाही.

त्याने ते मिटलं आणि परत उघडलं. लोण्यातून सुरी जावी तसं ते गेलं आणि आलं. हथाल खाली वाकला. बिजागरीच्या सांध्यातून काळं, ताजं, भरपूर तेल ओघळत होतं.

नहार. भला माणूस. पाहुण्याला रडकं दार देऊन पाठवायचं त्याच्या मनाला पटलं नाही. देणगी द्यायची तर नीट करून द्यायची. हथाल आणि नुवैर नमाजेला उभी होती तेव्हा त्याने अर्धी बुधली बिजागऱ्यांत ओतली होती.

हथाल तिथेच बसला. तो आयुष्यात कुणावर इतका चिडला नव्हता आणि ज्याच्यावर चिडला त्याच्यावर चिडायची सोय नव्हती. मुतलक लांबून खुणांनी विचारत होता, काय झालं. नुवैर उतरली, तिने दार हलवून पाहिलं, बिजागरीत बोट घातलं, बोट नाकाशी नेलं.

"उठ," ती म्हणाली. "पेट्रोलचा डबा दे."

तिने डोक्यावरच्या कापडाचा कोपरा फाडला, पेट्रोलमध्ये बुडवला आणि बिजागऱ्या धुवायला लागली, भांडी घासावीत तशी. वरची, मग खालची. हथाल दार हलवत होता आणि ती घासत होती. काळं पाणी वाळूत जिरत होतं. मग तिने माळावरची बारीक वाळू चिमटीत घेतली आणि सांध्यात भरली. तोंडाने फुंकून आत घातली. दार हलवलं: खर्र. वाळूचा आवाज, दाराचा नव्हे. आणखी वाळू. हथालने दार जोरात मिटलं, जोरात उघडलं, परत मिटलं. वर शगरा पंख अर्धे उघडून बसली होती, तिसऱ्यांदा उठायच्या बेतात, आणि मुतलक उठून उभा राहिला होता.

आणि मग लोखंडाला लोखंड लागलं. आधी बारीक किंकाळी. मग जाड आवाजात लांबलचक तक्रार. उचकी मात्र राहिली ती राहिलीच, ती अजून परत आलेली नाही.

शगराची मान झटक्यात फिरली.

ती उसळली तेव्हा दोरी कोपऱ्यावर ताणली गेली. मुतलक सांगतो की त्याने डोळे मिटले. हथालने मिटले नाहीत. दोरी जिथे दिवसभर घासत होती तिथेच तुटली, टोक तिकडे वर राहिलं, आणि शगरा वाकडी झाली, पंख मिटले, आणि पांढऱ्या गाडीच्या एकमेव हिरव्या दारावर दगडासारखी आली. शेवटच्या क्षणी पंख उघडून दाराच्या वरच्या कडेवर बसली. नखं पत्र्यावर खरखरली. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि जेवण कुठे आहे असं तोंड उघडून विचारलं.

हथालने तिच्याकडे बघितलं नाही. भुकेल्या पाखराकडे टक लावून बघायचं नसतं. त्याने हातमोजा वर धरला. ती त्याच्यावर उतरली आणि खायला लागली. दोन घास झाल्यावर त्याने दोरीचा तुटका तुकडा बोटांत घेतला, मुठीत गुंडाळला, आणि मगच श्वास सोडला. अल्हम्दुलिल्लाह, तो म्हणाला. मग परत म्हणाला. नुवैर त्याच्याशेजारी दाराच्या आडोशाला बसली, पेट्रोलचे हात मांडीवर उलटे ठेवून. तिघांनाही वारा लागत नव्हता.

मुतलक धापा टाकत आला. वाकून त्याने हिरव्या दारावर कपाळ टेकवलं आणि मग म्हणाला, "याला तेल घाल असं मी पुन्हा म्हणालो तर माझ्या दाढीला आग लाव."

त्या संध्याकाळी हथालने तीन फोन केले. पहिला समुद्राकडच्या शहरात, फर्राजला. तू तेव्हा ओढ्यात पडलास ते फार चांगलं केलंस, तो म्हणाला. फर्राजला वाटलं भाऊ प्यायला की काय. दुसरा तिन्ही मुलींना एकदम. तिसरा नहारला. नहारने पहिलं हेच विचारलं की आवाज बंद झाला ना दाराचा, मी मुद्दाम तेल घातलं होतं, तुला सांगायचं राहिलं. हथालने नुवैरकडे पाहिलं. नुवैरने भुवई वर केली.

"दार झकास झालंय, अबू दखील," हथाल म्हणाला. "पाखरू घरी आहे ते तुझ्यामुळे. हा उपकार माझ्या डोक्यावर."

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. हंगामातला पहिला ससा नहारच्या घरी गेला. तेलाची गोष्ट नहारला आज हे वाचून कळेल, आणि तो आधी नाकातून आणि मग पोटातून हसेल.

हथालने नव्या गाडीला भोक पाडून लाकडाचा खुंट ठोकला. आता रोज सकाळी तो खुंटाला हात लावतो, दाराला हात लावतो, ज्याने ते दिलं त्या भावाचं नाव घेतो, ज्याने ते जाऊ दिलं त्या नहारचं नाव घेतो, आणि मग निघतो. बिजागरीत अधूनमधून नुवैर चिमूटभर वाळू घालते, मीठ घातल्यासारखी.

हा खुलासा. आता तुमची पाळी. तुम्ही जुनी गाडी घेतलीत, त्याने दिली. तुम्ही मनोरे उभे केलेत, त्याने गिळले. या सगळ्या माळावर त्या गाडीकडे वरून बघणारे दोनच डोळे आहेत, आणि ते तिला त्या दारावरून ओळखतात. तुमचे डोळे तिथे कधी पोचले? तुम्ही ज्या शोभेची राखण करता ती नेमकी कुणाच्या डोळ्यांसाठी आहे? आणि उद्या ते दार उतरवलंत, आणि संध्याकाळी शगरा वर घिरट्या घालत राहिली, तर तिला खाली कोण बोलावणार, तुमचा शिक्का?

लेखी कळवा. आणि सहीखाली या वेळी नाव घाला.